तारेवरची कडी

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटणार नाही त्याने दिवस मावळताना बारेइरुच्या मळ्याच्या फाटकापाशी एकदा उभं राहून यावं. मग माझ्याशी वाद घालावा.

जोव्हेलिना सून होऊन त्या मळ्यावर आली, त्याच्या पुढच्या वर्षी हे घडलं. ऑगस्ट महिना होता. आमच्या मिनास प्रांताच्या डोंगरात तेव्हा पाऊस नसतो. धुकं असतं, आणि संध्याकाळ लवकर पडते.

मी हे तिच्याच तोंडून ऐकलं. एकदा नाही, पुष्कळदा. सांगताना ती दर वेळी एकाच ठिकाणी थांबायची, आणि उजवा हात मांडीवर पुसायची.

बारेइरुवर एक फिला कुत्री होती. फिला म्हणजे काय ते आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असतं. वासराएवढं अंग, दोन कुत्र्यांना पुरेल एवढी कातडी, ओठांतून सतत गळणारी लाळ. मालकाशी मेणासारखी मऊ. परक्याला मात्र उंबऱ्याच्या आत श्वास घेऊ देत नाही. रंग धुराचा, म्हणून हिचं नाव फुमासा.

दिवसा ती बांधलेली असायची. गळ्यात साखळी, साखळीच्या टोकाला लोखंडी कडी, आणि कडी एका लांब तारेत ओवलेली. तार गोठ्यापासून थेट फाटकाजवळच्या खांबापर्यंत. कुत्री चालली की कडी तारेवरून धावायची.

सर्रर्र... सर्रर्र...

मळ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांचा त्यावर एक नियम होता. कडी वाजते तोवर खुशाल आत या. कडी गप्प झाली की आहात तिथेच थांबा, आणि हाक मारा.

कारण दिवस मावळला की म्हातारा अनाक्लेतो तिला सोडायचा. अनाक्लेतो हा जोव्हेलिनाचा सासरा. सोडण्याआधी तो दोनदा खोकायचा, अंगणात कोणी असेल तर घरात जावं म्हणून. मग साखळी खळकन जमिनीवर पडायची.

लग्न होऊन जोव्हेलिना गाडीतून उतरली, तशी म्हाताऱ्याने तिला आधी घरात नेलंच नाही. नवऱ्याला, बेल्मिरुला, बाजूला केलं आणि सुनेला सरळ कुत्रीपुढे उभं केलं.

"हात दे," म्हातारा म्हणाला.

"चावेल."

"चावली तर दुसरी सून बघू. दे हात."

त्याने तिचा उजवा हात धरला आणि कुत्रीच्या जबड्यात ठेवला. आत ऊन, ओलं, मऊ. दात लागत होते, पण रुतत नव्हते. म्हातारा कुत्रीच्या कानाशी वाकून म्हणाला, "घरची आहे."

एवढंच. फुमासाने हात सोडला. कोपरापर्यंत लाळ.

दारातून सासू झेफेरिना बघत होती. कानाने कमी ऐकायची, जिभेने ती कसर भरून काढायची. ती म्हणाली, "आता हिला कुत्रीपासून भीती नाही. आपल्याला हिच्यापासून आहे का, ते पुढे कळेल."

त्या मळ्यावर हे सगळ्यांचं व्हायचं. सुनेचं, गड्याचं, बाजारातून आणलेल्या गाईचंही. मालकाने कुत्रीच्या नाकाखाली धरून 'घरचं आहे' म्हटलं की झालं. म्हटलं नाही तर तो परका. एकदा एक गुरांचा दलाल हाक न मारताच आत शिरला. फुमासाने त्याला फाडलं नाही. दंड धरला, खाली पाडलं, आणि म्हातारा शेतावरून येईपर्यंत तसाच धरून ठेवला. फिलाची हीच रीत. धरलं की मालकाने सांगितल्याशिवाय सोडत नाही.

हळूहळू फुमासाची निगा जोव्हेलिनाकडे आली. म्हाताऱ्याने तिला सगळं शिकवलं. तोंडावरच्या वळ्या मिठाच्या पाण्याने पुसायच्या, नाहीतर आत कुजतात. कान उलटून गोचिड्या काढायच्या. आमच्याकडे एक माशी जनावराच्या कातडीत अळी सोडते. त्या भोकावर डुकराच्या चरबीचा तुकडा दाबून बांधायचा. अळी श्वासासाठी वर येते, मग पिळून काढायची. खाणं म्हणजे मक्याची उकड आणि गुरांचं काळीज. आणि खाल्ल्यावर पळू द्यायचं नाही. एवढ्या मोठ्या कुत्र्याचं पोट आत पीळ पडून फिरतं आणि जनावर उभ्या उभ्या जातं.

"माझं एवढं कधी कोणी केलं नाही," बेल्मिरु म्हणायचा.

"तुला अळ्या कुठे झाल्यात अजून," जोव्हेलिना म्हणायची.

मग दिवस राहिले. म्हातारा खूश. रोज कुत्रीला सांगायचा, "थांब, तुला एक लहान हात चाटायला देतो."

तो हात द्यायला म्हातारा राहिला नाही.

मे महिन्यात सकाळी धार काढता काढता तो गाईच्या पोटाला टेकला, आणि टेकलेलाच राहिला.

आमच्याकडच्या जुन्या मळ्यांवर एक चाल आहे. मालक गेला की शवपेटी घराबाहेर पडण्याआधी वारसाने त्याच्या टोपीत उकड घालून कुत्र्याला चारायची. टोपी मेलेल्याची, हात जिवंताचा. कुत्रं खातं, आणि त्याला कळतं की जुना गेला, आता हा. त्याशिवाय कुत्रं नव्याचं होत नाही.

त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. म्हणून फुमासाला गोठ्यामागे आखूड बांधलेलं. कोणा भल्या माणसाने म्हाताऱ्याची चामड्याची टोपी मायेने त्याच्या छातीवर ठेवली. आणि झाकण ठोकलं.

झेफेरिनाच्या ध्यानात आलं तेव्हा पेटी खांद्यावर चढत होती.

"टोपी, बेल्मिरु. टोपी आत राहिली."

"आई, माणसं खोळंबलीत. पाद्री दुपारनंतर थांबणार नाहीत."

"दोन खिळे तर काढायचे."

बेल्मिरुने आजूबाजूला पाहिलं. सगळा गाव पाहत होता. कुत्रीसाठी बापाची पेटी उघडायची त्याला लाज वाटली.

"आल्यावर बघू," तो म्हणाला.

परत आल्यावर त्याने स्वतःच्या टोपीत उकड घातली आणि फुमासापुढे धरली. तिने टोपी हुंगली. त्याचा हात हुंगला. मग मान फिरवून हनुवटी जमिनीवर टेकली. तोंड रस्त्याकडे... ज्या रस्त्याने पेटी गेली होती तिकडे.

त्यानंतर तिने काही खाल्लं नाही. जोव्हेलिनाने हाताने काळीज भरवून पाहिलं. फुमासा तिची बोटं चाटायची, काळीज तसंच सोडायची. म्हाताऱ्याच्या सातव्या दिवसाच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघायचं होतं, त्या सकाळी ती तारेखाली थंडगार सापडली. जाबुतिकाबाच्या झाडाखाली तिला पुरलं. जोव्हेलिना पोट सांभाळत खड्ड्याकाठी बसून रडली.

दोन-तीन दिवस गेले असतील. ती भर दुपारी चुलीपाशी कॉफी गाळत होती.

आणि अंगणात...

सर्रर्र...

ती खिडकीशी गेली. तार रिकामी. कुठे काही हलत नव्हतं.

सर्रर्र... गोठ्याकडून फाटकाकडे. जरा थांबून परत.

"वारा," बेल्मिरु म्हणाला.

झाडाचं पान हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ती तारच काढली. गुंडाळून गोदामात खिळ्याला टांगली. कडीही तिथेच अडकवली. हात झटकून जेवायला बसला. पहिला घास तोंडात...

सर्रर्र...

झेफेरिनाला ऐकू आलं नसावं असं दोघांना वाटलं. ती घास चावत म्हणाली, "तार काढून काय होतं? मी काय तारेला घाबरत होते?"

माणसाला कशाचीही सवय होते. जोव्हेलिना तर त्या आवाजाने निर्धास्त व्हायला लागली. कडी वाजते म्हणजे बांधलेली आहे.

पण दिवस मावळला की कडी थांबायची.

रोज.

आणि जोव्हेलिनाच्या मनात एकच विचार यायचा. तो तिने बेल्मिरुला कधी सांगितला नाही. बांधलेलं जनावर आपोआप सुटत नाही... कोणीतरी सोडावं लागतं.

सकाळी ओसरीच्या पांढऱ्या भिंतीवर ओले फराटे दिसायचे. फुमासा मान झटकायची तेव्हा लाळ उडून भिंतीला लागायची, अगदी तेवढ्याच उंचीवर. जोव्हेलिना ते गुपचूप पुसून काढायची. चिकट असायचे.

जुलैमध्ये बेल्मिरुने बाजारातून एक कालवड आणली. चांगली, धडधाकट. संध्याकाळी गोठ्यात बांधली.

सकाळी ती आडवी पडलेली. जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. फक्त मान ओली होती... आणि चिकट. शेजारच्या जुन्या गाई शांतपणे रवंथ करत होत्या.

झेफेरिना काठी टेकत आली. बराच वेळ बघत राहिली.

"तुझ्या बापाने आणलेलं एक एक जनावर तिच्या नाकाखाली धरलं होतं. तू ही कोणाला दाखवलीस?"

"मेलेल्या कुत्रीला दाखवू, आई?"

"मला काय विचारतोस. कालवडीला विचार."

जोव्हेलिनाचा हात आपोआप पोटावर गेला. त्या घरात नवीन येणारं आता एकच होतं.

त्या दिवशी तिने ठरवलं, बाळंतपण इथे नाही. डोंगरापलीकडे तिच्या आईचं घर होतं. बेल्मिरुही लगेच हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात गाडी जोडायची ठरलं.

पण पोरं ठरल्याप्रमाणे येत नाहीत. ऑगस्टमध्ये एका दुपारी तिला कळा सुरू झाल्या. गाडीत घालून डोंगर चढण्याची सोय राहिली नाही. बेल्मिरु घोडा पळवत सुईणीकडे गेला.

सुईण किटेरिया. जाडजूड, तोंडाळ, हाताची हलकी. खेचरावर बसून आली ती फाटकापाशी थांबली आणि कान देऊन ऐकू लागली.

सर्रर्र...

"बांधलेली आहे," ती म्हणाली. "चला."

ती दूरच्या खोऱ्यातली. फुमासा मेल्याचं तिच्या कानावर आलंच नव्हतं. बेल्मिरुने तोंड उघडलं, आणि परत मिटलं. सांगितलं असतं तर ती तिथूनच मागे फिरली असती. आणि आत जोव्हेलिना ओरडत होती.

किटेरियाने बाह्या वर केल्या. जोव्हेलिनाचे डोळे मात्र खिडकीवर होते. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं.

"किटेरियाबाई, लवकर होईल का? दिवस मावळायच्या आत?"

"तुला कुठे नाचायला जायचंय? जोर लाव."

ऊन छपरावर गेलं. मग छपरावरूनही गेलं. दिवा लावायची वेळ झाली आणि मूल झालं. मुलगा. चांगला खणखणीत रडला. झेफेरिनालासुद्धा ऐकू आला. "आजोबाचा घसा आहे," ती म्हणाली.

किटेरियाने त्याला पुसून दुपट्यात गुंडाळलं, आणि मध्येच तिचे हात थांबले.

"हे काय," ती म्हणाली. "कडी थांबली."

तिने खिडकीकडे मान वळवली.

"कुत्री सोडली वाटतं कोणी. अहो, मी आत आहे अजून. मी घरी कशी जाऊ?"

तिने बेल्मिरुकडे पाहिलं, मग जोव्हेलिनाकडे. मग खाली बसली.

"सांगा मला," ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता.

"मेली ती," बेल्मिरु म्हणाला. "मे महिन्यातच."

किटेरियाने छातीवर क्रूसाची खूण केली.

आणि ओसरीच्या फळ्यांवर...

धप्प... धप्प...

फिलाची चाल इतर कुत्र्यांसारखी नसते. एका बाजूचे दोन्ही पाय एकदम पडतात, मग दुसऱ्या बाजूचे. अंग झुलत येतं. चार पाय असून दोनच पावलं ऐकू येतात. जोव्हेलिना ती चाल झोपेतही ओळखायची.

धप्प... धप्प...

पावलं खोलीच्या दाराशी थांबली. ते दार ओसरीवरच उघडायचं. मग कान झटकल्याचा आवाज, फटफटफट. भिंतीवर काहीतरी ओलं आदळलं.

मग दाराच्या फटीशी श्वास. लांब, ओला. आत ओढलेला...

बाळ रडायचं थांबलं.

ही जागा सांगताना जोव्हेलिना थांबायची. ती म्हणायची, कडीची मला इतकी भीती वाटली नाही. ते पोर गप्प झालं, त्याची वाटली.

बेल्मिरु दाराशी गेला.

"फुमासा," तो म्हणाला. "घरचं आहे. माझा मुलगा आहे."

बाहेरून गुरगुर आली. कानाला नव्हे, छातीला ऐकू येणारी. कपाटातल्या बशा थरथरल्या. दार आतल्या बाजूला किंचित वाकलं.

बेल्मिरु मागे सरला. "माझं ऐकत नाही," तो म्हणाला. "मी तिचा कोणी नाही. दोनच खिळे होते, आई."

झेफेरिनाने मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

जोव्हेलिना खाटेवरून उतरली.

"निज," किटेरिया म्हणाली. "रक्त जाईल."

ती निजली नाही. तिने बाळ उचललं. भिंत धरून दारापर्यंत आली. आणि बोलली, पण कुत्रीशी नाही.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच तिला सोडता ना रोज? मला कळलंय. टोपीचं चुकलं आमचं. पण हा तुमचा नातू आहे. तुम्ही म्हणाला होतात, लहान हात देतो म्हणून. मी हात देते. शब्द तुम्ही द्या."

बाहेर काहीच नाही. श्वाससुद्धा नाही. गोठ्यात एकही गाय हलत नव्हती.

मग अंगणातून...

खोकला. दोनदा.

झेफेरिना भिंतीशी बसली होती. कमी ऐकणारी ती बाई. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "त्याचाच."

जोव्हेलिनाने दाराची कडी काढली. बेल्मिरुने तिचा खांदा धरला, पण ओढलं नाही. तिने दार चार बोटं उघडलं. अंधार आणि धुकं, दुसरं काही नाही. तिने बाळाची मूठ उलगडली, आपल्या उजव्या हातात धरली, आणि दोन्ही हात फटीतून बाहेर केले.

ऊन. ओलं. मऊ.

दात लागले.

रुतले नाहीत.

ओल्या कातडीचा आणि धुरावलेल्या चरबीचा वास आला. ती किती वेळ तशी उभी होती ते तिला कधी सांगता आलं नाही. मग जबडा उघडला. तिने हात आत घेतले. तिचा मनगटापर्यंत ओला होता, बाळाचा खांद्यापर्यंत.

बाळ रडायला लागलं.

किटेरिया उठली. तिचे ओठ पांढरे पडले होते, पण ती आली. "माझाही हात दे तिच्या जबड्यात," ती म्हणाली. "नाहीतर मी इथेच म्हातारी होईन."

"म्हातारी तू आहेसच," झेफेरिना म्हणाली. "दे हात."

जोव्हेलिनाने तिचाही हात धरून बाहेर केला. नंतर किटेरिया अंधारात खेचरावर बसून सुखरूप घरी गेली. वाटेत तिला काही दिसलं नाही. फक्त फाटकापर्यंत कोणीतरी शेजारून चालत होतं... धप्प... धप्प... तेवढं खेचराने आणि तिने ऐकलं. बारेइरुवर ती पुन्हा कधी आली नाही.

सकाळी बेल्मिरुने दार उघडलं तेव्हा उंबऱ्यावर काहीतरी पडलेलं होतं.

चामड्याची टोपी. काठाला लाल माती. एका बाजूने ओली.

बेल्मिरु तसाच स्मशानात गेला. थडग्यावरची माती सपाट होती. तिच्यावर गवत उगवलं होतं. कोणी उकरलं नव्हतं. ही बापाची टोपी नव्हेच असं त्याला म्हणायचं होतं, पण आतल्या बाजूला झेफेरिनाने घातलेला टाका होता.

परत येऊन त्याने टोपी उचलायला हात पुढे केला. जोव्हेलिना म्हणाली, "राहू दे. तुझ्या हातची ती खाणार नाही."

तिने मक्याची उकड शिजवली. टोपीत घातली. दिवस मावळताना जाबुतिकाबाखाली ठेवली आणि मागे न बघता आत आली.

सकाळी टोपी स्वच्छ होती. चाटून पुसल्यासारखी.

त्यानंतर मळ्यावर नवीन आलेलं काही मेलं नाही. पण आणलेलं प्रत्येक जनावर, नवा गडी, पुढे झालेली दोन मुलं, सगळ्यांना जोव्हेलिना एकदा दिवस मावळताना त्या झाडाखाली न्यायची आणि म्हणायची, "घरचं आहे." लोक हसायचे. हात मात्र पुढे करायचे.

मलाही तिने नेलं होतं. माझ्या हाताला काही लागलं नाही असं मी तेव्हा म्हणालो. घरी येऊन हात मात्र साबणाने धुतला.

ती गेली तेव्हा तिच्या थोरल्या मुलाने, त्याच मुलाने, पेटी उचलू दिली नाही. सगळा गाव उन्हात उभा. त्याने आधी तिची रोजची टोपी खुंटीवरून काढली, उकड शिजवली, झाडाखाली ठेवली, आणि मग म्हणाला, "आता चला." आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा टोपी रिकामी होती. मळ्यावर दुसरं कुत्रं नाही.

त्या थोरल्याची नातवंडं शहरात असतात. या नाताळला पहिल्यांदाच येणार आहेत. त्यांना कोणी झाडाखाली नेलं नाही अजून. मी त्याला विचारलं. म्हणाला, "मुलांना असलं काही सांगू नका असं सून म्हणते."

मी आजही तिकडे गेलो तर फाटकापाशी थांबतो. कान देतो. कडी वाजत असेल तरच आत जातो.

अनाक्लेतो वारला त्या वर्षीच्या मे महिन्यात. फुमासा त्याच्या सातव्या दिवसाच्या सकाळी. झेफेरिना त्यानंतरच्या थंडीत, आणि बेल्मिरु पोरं मोठी झाल्यावर, तापाने. जोव्हेलिना वारली गेल्या वर्षी जूनमध्ये, साओ जोआओच्या सणाच्या शेकोट्यांच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, कडी थांबायच्या वेळेला.